बी.डी.डी. चाळीतून नव्या घरात : बिऱ्हाड हलताना मुलांनी काय करायचे?

मुंबईत वरळीच्या जांबोरी मैदानात उभे राहून सभोवार पाहिले, की दोन काळ शेजारी शेजारी उभे दिसतात. एका बाजूला तळमजला आणि वर तीन मजले अशा, शंभरी गाठलेल्या बी.डी.डी. चाळी. दुसऱ्या बाजूला मान मागे टाकून पाहाव्या लागतील अशा ४० मजली इमारती. चालत गेले तर दोन्हींतले अंतर थोड्या मिनिटांचे. पण ते कापताना आपल्या कित्येक कुटुंबांना दोनदा बिऱ्हाड हलवावे लागले, आणि मागे राहिलेल्या चाळींतल्या कुटुंबांना ते अजून हलवायचे आहे. या हलवाहलवीत घराच्या क्षेत्रफळाची चर्चा झाली, भाड्याची झाली, लॉटरीची झाली. मुलांची मात्र कोणी फारशी केली नाही. म्हणून हा लेख.

आम्ही म्हणजे या चाळींतच लहानाचे मोठे झालेले, आता नोकरीधंदा सांभाळून समाजाचे काम करणारे पाच-सहा जण. कोणी कारकून, कोणी बालवाडीची शिक्षिका, कोणी बेस्टमध्ये कंडक्टर. ओळखीच्या घरांचे सामान हलू लागले तेव्हा उचलाउचलीला माणसे पुष्कळ जमली. भाऊ आले, मेहुणे आले, गल्लीतली पोरे आली. आम्ही म्हटले, तुम्ही कपाटे उचला, आम्ही मुले सांभाळतो. सुरुवातीला लोक हसले. पण दोन-चार घरे हलल्यावर बायाच आम्हाला विचारू लागल्या, "आमच्या दिवशी येणार ना?"

कारण त्या दिवशी घरात मुलाच्या कानावर काय पडते ते आठवून पाहा. "मध्ये येऊ नकोस." "हात लावू नकोस." "तिकडे जाऊन बस." आणि तिकडे बसायला जागाच उरलेली नसते. मोठी माणसे वाईट नसतात. कामावर खाडा झालेला असतो, टेम्पोवाला घाई करत असतो, हमालीवरून घासाघीस चाललेली असते. पण मुलाच्या डोळ्यांदेखत त्याचे घर उचलून नेले जात असते आणि त्यात त्याला काहीच करायचे नसते, याचा त्रास मुलाला होतो. तो रडून, भांडून, हट्ट करून बाहेर पडतो. मग पाठीत धपाटा बसतो. मुलाला त्या दिवशी काहीतरी खरे काम द्यावे, एवढाच आमचा सगळा अनुभव आहे. कसे द्यावे ते पुढे सांगतो.

चाळीची गोष्ट आधी सांगा

पहिले काम सामान बांधायच्या आठवडाभर आधीचे. रविवारी दुपारी मुलांना गोळा करावे आणि ज्या चाळीतून जायचे तिची माहिती सांगत एक फेरी मारावी. ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळांना ती पूर्ण ठाऊक नसते.

१९२० साली मुंबई सरकारने कामगारांच्या घरांसाठी 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' हे खाते काढले. सर जॉर्ज लॉइड तेव्हा गव्हर्नर होते. त्या इंग्रजी नावाची तीन आद्याक्षरे म्हणजे बी.डी.डी. खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गासडीमागे एक रुपया कर बसवला गेला. म्हणजे ज्या कापसावर गिरण्या चालायच्या, त्याच कापसाच्या कराचा पैसा या भिंतींत गेला आहे. योजना ५० हजार खोल्यांची होती. प्रत्यक्षात चाळी झाल्या २०७. त्यांपैकी वरळीत १२१, नायगावात ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीत १२. एका चाळीत ८० खोल्या. प्रत्येक मजल्यावर मधोमध लांब पॅसेज, त्याच्या एका बाजूला दहा दारे, दुसऱ्या बाजूला दहा. खोली १६० चौरस फुटांची. संडास मजल्यावर सामाईक.

हा हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा. २० खोल्या गुणिले ४ मजले बरोबर ८०. ८० गुणिले २०७ बरोबर किती? चौथी-पाचवीतली मुले खडूने जिन्याच्या पायरीवर गुणाकार करतात आणि १६,५६० हे उत्तर आले की त्यांनाच नवल वाटते. आपण राहतो ती एक खोली एवढ्या मोठ्या संख्येतली एक आहे, हे मुलाला प्रथमच कळते.

आणखी एक गोष्ट सांगितली की मुलांचे डोळे मोठे होतात. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या चळवळीत तुरुंग भरून गेले, तेव्हा वरळीच्या काही चाळींचाच तात्पुरता तुरुंग करण्यात आला होता. सत्याग्रही तिथे कैदेत होते. हे सांगितल्यावर एका चाळीतली मुले तासभर गजांच्या खुणा शोधत होती. सापडले काही नाही, पण तो तास मजेत गेला, आणि संध्याकाळी त्यांनी ही माहिती आपापल्या आजीला सांगितली. आजीने मग तिची गोष्ट सांगितली. ती लग्न होऊन आली तेव्हा त्या खोलीत अकरा माणसे होती. रात्रपाळीचे झोपायचे तेव्हा दिवसपाळीचे उठायचे.

अशा फेरीत मुलांना एक कागद आणि जाड पेन्सिल द्यावी. खोलीच्या दारावरच्या नंबराच्या पत्र्यावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली, की नंबर कागदावर उमटतो. खर्च काही नाही. दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या रेघा असतात. चौकट नेता येत नाही, पण रेघा सुतळीवर नेता येतात. जमिनीपासून रेघेपर्यंत सुतळी धरायची, प्रत्येक रेघेला एक गाठ मारायची. नव्या घरी ती सुतळी भिंतीला लावून तीच उंची पुन्हा आखता येते. एका मुलाने आम्हाला विचारले, "खोली पाडली की तिचा नंबर कुठे जातो?" आम्ही त्याला तो कागद दाखवला आणि म्हटले, "तुझ्या दप्तरात."

मैदानावर घर आखा

नव्या घराबद्दल मुलांच्या डोक्यात काहीच चित्र नसते. "मोठं घर मिळणार" एवढेच ते ऐकत असतात. मोठे म्हणजे किती? ५०० चौरस फूट. हा आकडा मोठ्यांनाही नीट कळत नाही, तर मुलांना कुठून कळणार? तो आम्ही जांबोरी मैदानावर आखून दाखवला.

मोजपट्टी, सुतळी आणि थोडी फक्की एवढेच सामान लागते. आधी १६ फूट लांब आणि १० फूट रुंद असा आयत आखावा. हे झाले १६० चौरस फूट. त्याच्या शेजारी २५ फूट लांब आणि २० फूट रुंद आयत आखावा. हे झाले ५००. मग मुलांना लहान आयतात बोलवावे आणि सांगावे, आता यात आपले घर मांडा. मुले फटाफट मांडतात. इथे मोरी, इथे मांडणी, इथे पिंप, इथे कपाट, इथे आजीची खाट. त्यानंतर उरलेल्या जागेत झोपून दाखवा म्हणावे. एकाच्या पायाशी दुसऱ्याचे डोके येते, आणि मुले खदखदून हसतात, कारण घरी रोज रात्री तेच होत असते.

मग मोठ्या आयतात जायचे. आत वीटभर रुंदीच्या रेघा मारून खोल्या पाडायच्या. एका संडासाची जागा आत दाखवली की मुले टाळ्या वाजवतात. हे हसण्यावारी नेऊ नये. सकाळी शाळेच्या वेळी रांगेत उभे राहणाऱ्या मुलींना त्या छोट्याशा चौकोनाचा अर्थ आपल्यापेक्षा जास्त कळतो.

आणि मग एक प्रश्न हटकून येतो. "पॅसेज कुठे आहे?" मुलांनी आखलेल्या कुठल्याही घरात पॅसेज नसतो, आणि तो नाही हे त्यांच्याच लक्षात येते. आम्ही वाढलो ते खोलीत नव्हे, पॅसेजमध्ये. अभ्यास तिथे, क्रिकेट तिथे, पावसाळ्यात लंगडी तिथे, कोणाकडे पाहुणा आला तर झोपायला तिथे. आई कामावरून उशिरा आली तर शेजारची मावशी पॅसेजमध्येच जेवू घालायची. घर तिपटीने मोठे होणार आणि पॅसेज जाणार, हे मुलाला आधी कळलेले बरे. त्याला खोटे सांगू नये की सगळे चांगलेच होणार आहे. काय मिळणार तेही सांगावे, काय जाणार तेही सांगावे. मग त्याच्याशी बसून ठरवावे, की जाणाऱ्यातले काय आपल्याला सोबत नेता येईल. त्याबद्दल शेवटी लिहिले आहे.

त्या दिवशी : आवक-जावक वही

आता प्रत्यक्ष दिवस. सात वर्षांच्या पुढच्या मुलांना आम्ही जे काम दिले ते आमच्याच टेबलावरचे होते. कचेरीत येणाऱ्या कागदाची नोंद आवक वहीत होते आणि जाणाऱ्याची जावक वहीत. तशाच दोन शंभर पानी वह्या घेतल्या. सामान बांधताना मुलांनी प्रत्येक बोचक्यावर, खोक्यावर, गोणीवर खडूने किंवा जाड पेनाने नंबर टाकायचा. जुन्या खोलीच्या दारात एक मूल जावक वही घेऊन बसेल. नव्या घराच्या दारात दुसरे मूल, सोबत एक मोठे माणूस, आवक वही घेऊन बसेल. नंबर लिहिल्याशिवाय वस्तू हलणार नाही, हा नियम. हमालांनाही तो आधी सांगून ठेवायचा.

ही वही मुले फार गंभीरपणे सांभाळतात. एका घरी तिसरीतली मुलगी जावक वहीवर होती. तिच्या मामाने घाईत एक गोणी नंबर न सांगता उचलली, तर तिने त्याला जिन्यावरून परत बोलावले. मामा परत आला. संध्याकाळी दोन्ही वह्या शेजारी ठेवून ताळा केला, तर जावक ४१ आणि आवक ४०. कमी होता नंबर १७. वहीत लिहिले होते, पाटा-वरवंटा. टेम्पोत शोधले तर तो ड्रायव्हरच्या सीटमागे सापडला. त्या घरातली आजी त्या मुलीला जवळ घेऊन म्हणाली, "माझ्या सासूचा पाटा होता तो." खेळ म्हणून दिलेले काम खरोखर उपयोगी पडले. मुलांना खोटी कामे लगेच ओळखू येतात. "हा डबा इकडून तिकडे ठेव" असे सांगून त्यांना गुंतवले तर ती पाच मिनिटांत कंटाळतात. वही चुकली तर वस्तू हरवेल, हे ठाऊक असले की ती दिवसभर जागची हलत नाहीत.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांनाही काम आहे. चार-पाच वर्षांच्या मुलांनी खोक्यावर चित्र काढायचे. ताटाचे चित्र म्हणजे स्वयंपाकाचे सामान, चपलेचे चित्र म्हणजे चपला. हमाल हसतात, पण खोके बरोबर खोलीत जाते.

एक गोष्ट मात्र घरातल्या मोठ्यांना बजावून सांगतो. बारा-चौदा वर्षांची मुलगी आहे म्हणून धाकटे भावंड दिवसभर तिच्याच कडेवर नको. तिच्या बरोबरीचा भाऊ टेम्पोवर चढून मजा करणार आणि ती एका कोपऱ्यात बाळ घेऊन बसणार, हे आपल्या घरांत तरी शोभत नाही. तास वाटून द्यावेत. वही तिच्याकडे, बाळ त्याच्याकडे, आणि मग उलट.

धाकट्यांचे कसे?

तीन-चार वर्षांच्या मुलाला आपले घर मोडते आहे असे वाटते. त्याच्या खेळण्याचे खोके बांधून टेम्पोत टाकले की तो हंबरडा फोडतो, कारण ते परत मिळणार हे त्याला कळत नाही. म्हणून त्याची एक लहान पिशवी वेगळी ठेवावी. त्यात त्याची बाहुली किंवा गाडी, एक सदरा, पाण्याची बाटली. ही पिशवी टेम्पोत चढवायची नाही. ती त्याच्याच खांद्यावर राहील. मोडकी खेळणी टाकायची असतील तर महिनाभर आधी किंवा नंतर टाका, त्या दिवशी नको.

गोधडी धुवायची नाही, हेही लक्षात ठेवावे. नव्या घरी सगळे स्वच्छ न्यावे या भावनेने आपल्या बाया आठवडाभर आधी सगळे धुऊन काढतात. पण लहान मूल झोपते ते ओळखीच्या वासावर. पहिल्या रात्री नवी भिंत, नवा पंखा, नवा अंधार असतो. तेव्हा जुनी गोधडी जुन्याच वासाची असू द्यावी. महिनाभराने धुवावी.

तान्ह्या बाळाचा पाळणा किंवा झोळी जुन्या घरातून सर्वांत शेवटी निघावी आणि नव्या घरात सर्वांत आधी लागावी. बाळाजवळ एक माणूस नेमलेले असावे, आणि त्या माणसाला दुसरे कोणतेही काम सांगू नये.

खेळ, जेवण आणि काळजी

वहीवर दोन-तीन मुले लागतात. बाकीच्यांचे काय? त्यांना आम्ही टेम्पोपासून दूर, मैदानावर नेले. दोन मोठी माणसे कायम सोबत. टेम्पो मागे घेताना मागे उभे असलेले मूल ड्रायव्हरला दिसत नाही. जिन्यावरून कपाट उतरत असताना खाली मूल नको. गॅसची टाकी हलत असताना जवळपास कोणीच नको. एवढ्या तीन गोष्टींसाठी तरी मुले लांब असावीत.

मैदानावर लगोरी, लंगडी, आबाधुबी, डब्बा ऐसपैस चालतात. पाऊस असेल तर शेजारच्या चाळीच्या पॅसेजमध्ये गाण्यांच्या भेंड्या, सापशिडी, कॅरम. आम्ही एक नवा खेळ काढला, सामानाच्या भेंड्या. पहिल्याने घरातली एक वस्तू सांगायची, तिच्या शेवटच्या अक्षराने दुसऱ्याने दुसरी. कळशी, शेगडी, डबा, बादली, लाटणे. अडला की बाद. सामान बांधण्याच्या दिवशी हा खेळ खूप रंगतो.

मोबाईल हातात देऊन मुलाला गप्प बसवण्याचा मोह होतो. तो टाळावा, निदान त्या दिवशी. एक तर टेम्पोवाल्याला, इलेक्ट्रिशियनला फोन करायच्या वेळी बॅटरी संपलेली असते. दुसरे म्हणजे मूल मान वर करते तेव्हा घर हलून गेलेले असते. त्याने ते पाहिलेलेच नसते.

जेवणाची आमची पद्धत साधी. ज्याचे घर त्या दिवशी हलत नाही त्याच्या घरी मुले जेवतील. आज तुमची मुले आमच्याकडे, परवा आमची तुमच्याकडे. डाळ-भात, चपाती-भाजी, जे असेल ते. चाळीत ही रीत जुनीच आहे, फक्त आधी बोलून ठरवले की कोणाला संकोच वाटत नाही. त्याशिवाय केळी, चुरमुरे, शेंगदाणे आणि पाण्याचा एक मोठा कॅन मैदानावर ठेवावा. खडू, सुतळी, वह्या, फक्की आणि हा खाऊ मिळून एका घरामागे आमचा खर्च दोनशे रुपयांच्या आत राहिला. तोही दोन-तीन घरांनी मिळून केला तर आणखी कमी.

प्रत्येक मुलाच्या खिशात एक चिठ्ठी असावी. तिच्यावर आईचा आणि आणखी एकाचा फोन नंबर. मुलाची दम्याची, तापाची औषधे खोक्यात बांधू नयेत. शाळेचा दाखला, जातीचा दाखला, जन्माचा दाखला, लसीकरणाचे कार्ड, आधार कार्ड, रेशन कार्ड हे सगळे एका पिशवीत घालून ती पिशवी आईच्या किंवा आजीच्या खांद्यावर राहावी. शाळेचा गणवेश आणि दप्तर वेगळे. दुसऱ्या दिवशी शाळा असते, आणि बिऱ्हाड हलले म्हणून शाळा बुडवायची सवय लागू नये.

नव्या इमारतीत

वरळीच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन एप्रिल २०१७ मध्ये झाले आणि पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या १४ ऑगस्ट २०२५ रोजी मिळाल्या. मधल्या काळात काही कुटुंबे संक्रमण गाळ्यात राहिली, काही भाड्याच्या खोलीत. जे मूल चौथ्या वर्षी चाळ सोडून गेले ते शाळेत जाणारे मोठे मूल होऊन परत आले. त्याला जुनी चाळ अर्धवट आठवते. म्हणून आपण वर सांगितलेली गोष्ट त्याला जास्तच हवी असते.

नव्या इमारतीत शिरल्यावर मुलांचे पहिले आकर्षण म्हणजे लिफ्ट. ती खेळायची वस्तू नाही, हे पहिल्याच तासात सांगावे. पण नुसते "नाही" म्हणून भागत नाही. आम्ही मोठ्या मुलांना एक काम दिले. घरातल्या आजी-आजोबांना लिफ्ट कशी वापरायची ते शिकवायचे. दार उघडे असताना मध्ये हात घालायचा नाही, वीज गेली तर घाबरायचे नाही, घंटेचे बटण हे. आजीला शिकवता शिकवता नातवंडे स्वतः नियम पाठ करतात. खिडक्यांजवळ खाट, खुर्ची, खोके ठेवू नये. चाळीच्या पहिल्या मजल्यावर चालून जायचे ते विसाव्या मजल्यावर चालत नाही.

नवा पत्ता मुलांकडून पाठ करून घ्यावा. विंग, मजला, घर नंबर. सगळे मजले सारखेच दिसतात आणि मुले चुकतात. आपल्या दारावर मुलानेच काढलेले एक चित्र चिकटवून द्यावे, म्हणजे लहानग्याला दार ओळखता येते.

घरात काय आधी लावायचे? आपल्या घरांतून भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी आधी लागतात आणि त्रिसरण-पंचशील होते. फुले आणि मेणबत्ती मुलांच्या हाती द्यावी. त्यानंतर, कपाटाच्याही आधी, मुलांचा अभ्यासाचा कोपरा लावावा. एक पाट, एक दिवा, एक फळी एवढे पुरे. बाबासाहेबांचे बालपणही महू, दापोली, सातारा आणि मुंबईतली परळची चाळ असे घरे बदलण्यात गेले, आणि परळच्या एका खोलीत वडिलांनी त्यांच्या अभ्यासाची सोय कशी केली हे आपण दरवर्षी जयंतीला ऐकतो. ते ऐकून विसरण्यापेक्षा नव्या घरात पहिल्या संध्याकाळी पाळावे.

पत्त्यांची वही

आता राहिले पॅसेजचे. नव्या इमारतीत घरे सोडतीने मिळाली. त्यामुळे एका पॅसेजमध्ये समोरासमोर राहणारी कुटुंबे वेगवेगळ्या मजल्यांवर विखुरली. सात नंबरचे पाचव्या मजल्यावर गेले, आठ नंबरचे तिसाव्या. मोठी माणसे फोनवर बोलतात. मुलांना मात्र एकदम मैत्रीण नाहीशी झाल्यासारखे होते. दार बंद, लिफ्ट बंद, आई कामावर.

यासाठी आम्ही मुलांना शेवटची वही दिली. डाव्या बाजूला जुना खोली नंबर, उजव्या बाजूला नवा पत्ता, आणि मध्ये मुलांची नावे. ही वही मुलांनीच घरोघर फिरून भरायची. सामान हलण्याच्या आठवडाभर आधी सुरू करायची आणि नव्या इमारतीत पूर्ण करायची. मुले ती भरताना प्रत्येक दारात जातात, पाणी पितात, कोणाकडे काय चालले आहे ते पाहतात. आपल्यालाही न सुचलेली गोष्ट त्यांनी केली. ज्या आजी नव्या इमारतीत एकट्याच राहणार होत्या त्यांच्या नावापुढे मुलांनी एक टिकली काढली. ती कशासाठी, असे विचारले तर म्हणाली, "इथे रोज जायचं."

सोबत एक छोटा ठराव मजल्यावरच्या बायांनी केला. पहिले काही आठवडे संध्याकाळी पाच ते सहा सगळ्यांनी आपले दार उघडे ठेवायचे. त्या तासात मुले एकमेकांच्या घरी जातील आणि मजल्यावरच्या मोकळ्या जागेत खेळतील. आवाज होईल. होऊ द्यावा. काही ठिकाणी तक्रारी आल्या, मग वेळ ठरली, जागा ठरली, मुलांनीच नियम लिहून भिंतीला लावले. पॅसेज सोबत नेता येत नाही, पण दार उघडे ठेवता येते.

ही गोष्ट केवळ वरळीची नाही. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या चाळींतही बिऱ्हाडे हलत आहेत. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरातल्या कुटुंबांनाही पुनर्विकासासाठी घरे रिकामी करावी लागली. मुंबईत ठिकठिकाणी झोपडपट्ट्यांतून इमारतींत जाणे चालूच आहे. त्या सर्व घरांत मुले आहेत.

तेव्हा ज्यांची तारीख पुढे आहे त्या वाचकांना आमचे एवढेच सांगणे. टेम्पो ठरवायच्या आधी दोन शंभर पानी वह्या, एक पत्त्यांची वही, खडूचा एक डबा आणि सुतळीचा एक गुंडा आणून ठेवा. मजल्यावरच्या बायांनी आणि तरुणांनी रविवारी तासभर बसून मुलांच्या पाळ्या वाटून घ्या. मैदानावर दोन आयत आखा. आणि मुलांना विचारा, की या घरातले तुला काय न्यायचे आहे. उत्तर नीट ऐकून घ्या आणि ते जावक वहीत पहिल्या नंबरावर लिहा.